फ्लोरियनसाठी राखलेली जागा

मी एक जुनी खुर्ची आहे. माझे पाय वाकवलेल्या लोखंडी नळीचे आहेत, बैठक पिवळ्या रेक्झिनची, आणि बैठकीला उजव्या अंगाला एक भोक आहे. ते भोक फ्लोरियनच्या सिगारेटने पाडलं. मी त्याला केव्हाच माफ केलं, लिओनाने अजून केलेलं नाही.

मित्रांनो, माझा जन्म याच शहरातल्या एका कारखान्यात झाला. आता तिथे कारखाना नाही, नुसतं कुंपण आहे. आम्ही चार बहिणी एका टेबलाबरोबर फ्लोरियन आणि लिओना वोझ्निक या जोडप्याच्या स्वयंपाकघरात आलो. फ्लोरियन पोलादाच्या कारखान्यातून थकून यायचा आणि धप्पकन माझ्यावर बसायचा.

"लिओना, या खुर्चीसारखी बायको हवी होती. सगळं ऐकते, उलट बोलत नाही."

"मग पिरोगीच्या करंज्याही तिच्याकडूनच उकडून घे," लिओना म्हणायची, आणि तरी त्याचं ताट भरायची.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे एक ताट जास्तीचं मांडायची रीत होती. अवचित कुणी दाराशी आलं तर त्याला जागा हवी ना! त्या ताटापुढे दरवर्षी मला ठेवत. इतक्या वर्षांत कुणी आलं नाही, पण त्या संध्याकाळी माझ्यावर कुणी बसलंही नाही. जागा राखायला मी तिथेच शिकले. मला त्याचा फार अभिमान होता.

पुढे बहिणी एकेक करून मोडल्या, नवं टेबल आलं आणि मला तळघरात टाकलं. माझ्या मांडीवर रंगाचे डबे ठेवले. किती वर्षं गेली कोण जाणे! मग एका हिवाळ्यात बर्फ कंबरेपर्यंत साचला आणि फ्लोरियनला माझी आठवण झाली.

आमच्या गल्लीत ज्याने फावड्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली, त्याचीच ती जागा. गाडी घेऊन बाहेर जाताना तिथे घरातली एखादी वस्तू ठेवायची, की झालं. हे कुठल्या कायद्यात नाही, पण गल्लीत सगळे पाळतात. कुणी इस्त्रीचा बोर्ड ठेवतं, कुणी मोडका व्हॅक्यूम क्लीनर. कोपऱ्यावरच्या घरातून तर मेरीमातेची प्लास्टरची मूर्तीच येते. तिला हलवायची कुणाची छाती नाही. पण मलाही कुणी हात लावत नसे!

एकीनेच लावला. शेजारी नव्याने राहायला आलेल्या डेल्फिनाला ही रीत ठाऊक नव्हती. तिने मला उचलून फुटपाथवर ठेवलं आणि आपली गाडी लावली. लिओनाने काय करावं? संध्याकाळी पाण्याच्या चार बादल्या त्या गाडीवर ओतल्या. सकाळी गाडीचं दार उघडेना, सगळा बर्फाचा गोळा.

"मिसेस वोझ्निक, तोंडाने सांगता येत नव्हतं?" डेल्फिना ओरडली.

"खुर्ची दिसत नव्हती?" लिओना त्याहून मोठ्याने ओरडली.

तेव्हापासून तीन वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. भांडण माझ्यावरून, आणि मला मिटवता येईना. खुर्चीला तोंड नसतं, मित्रांनो.

या जानेवारीत फ्लोरियन बर्फावरून घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. तो इस्पितळात असताना लिओना एकटी फावडं घेऊन बाहेर यायची. चार फावडी उपसायची, माझ्यावर बसून दम खायची, पुन्हा उठायची. तो घरी येईल तेव्हा गाडी थेट पायरीशी लागली पाहिजे, एवढाच तिचा ध्यास. गोठलेल्या रस्त्यावर त्याला दहा पावलंही चालवणार नव्हती.

मग दिव्याच्या खांबावर नोटीस लागली. शुक्रवारी सकाळी पालिकेचा ट्रक येणार, रस्त्यावरच्या वस्तू उचलून नेणार. आणि इस्पितळातून बोलावणं आलं तेही नेमकं शुक्रवारचंच, दुपारी बारापर्यंत घरी न्या म्हणून. मला आत न्यावं तर जागा जाते, ठेवावं तर मी जाते. लिओना बराच वेळ माझी पाठ धरून उभी राहिली. डेल्फिनाच्या दाराकडे तिने दोनदा पाहिलं. पण दार वाजवायला पाय उचलला नाही, आणि ती गाडी घेऊन निघून गेली.

साडेदहाला ट्रक आला. मी बर्फात पाय रोवून उभी होते, पण माझे पाय ते काय! ट्रकवरच्या माणसाने एका हाताने उचललं मला, आणि वर भिरकावलं.

तेवढ्यात डेल्फिना धावत आली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला, पायात घरातल्या सपाता.

"ती खाली काढा! ती वोझ्निकबाईंची आहे. त्यांचा नवरा येतोय आज, गल्लीभर ठाऊक आहे."

"बाई, वर गेलेलं खाली येत नाही. हुकूम आहे."

"असं होय?" ती सरळ माझ्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि हाताची घडी घातली. "मग मलाही उचला."

"माणसं उचलायचा हुकूम नाही आम्हाला," तो माणूस म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला.

मागून एका निळ्या गाडीने ती जागा हेरून हॉर्न वाजवला. डेल्फिना हलली नाही. ट्रक कोपऱ्यावर वळला आणि पुढचं मला दिसलं नाही.

आता मी पालिकेच्या आवारात खुर्च्यांच्या ढिगात उलटी पडले आहे. दुपारनंतर आमचा चुरा होणार, असं इथला रखवालदार फोनवर कुणाला सांगत होता. चर्चची घंटा आत्ताच बाराचे ठोके देऊन थांबली. लिओनाची गाडी गल्लीत पोचली असेल का? दोघी बोलल्या असतील का? मला इथून काहीच करता येत नाही. साधं सुलटं होता येत नाही.

मित्रांनो, रिकामी खुर्ची दिसली तर हलवण्याआधी विचारा, ती कुणासाठी ठेवली आहे. मला सोडवायला येऊ नका, माझं आयुष्य झालं. पण कुणी त्या गल्लीत जाणार असाल, तर डेल्फिनाला तिचे बूट नेऊन द्या. ती दीड तास सपातांवर उभी आहे.