दोन बधिर बोटं

चांगुणेचा उजवा खांदा दुखतो, ही बातमी वरवट बकाल गावात इतकी जुनी होती की तिची विचारपूसही आता कुणी करत नसे. मानेच्या मुळाशी गाठ आखडायची आणि तिथून कळ दंडातून खाली उतरायची. विहिरीचं पाणी शेंदून, डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या वाहून कुणाचा खांदा दुखत नाही? एरंडाची पानं बांधून झाली, बिब्बा लावून झाला. खांदा राहिला तसाच, वर बिब्बा उतून फोड आले. नवरा शालिग्राम तेल चोळून द्यायचा, पण चोळता चोळता स्वतःच्या गुडघ्याची कथा लावायचा. घरात दोन दुखणी असली की ऐकलं एकाचंच जातं.

नवं होतं ते बोटांचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. दिवाळीपासून त्यांना मुंग्या येत होत्या. मग मुंग्यासुद्धा येईनाशा झाल्या. एकदा भाकरी उलटताना करंगळी तव्याला टेकली, आणि ते चांगुणेला कळलं ते कातडं करपल्याच्या वासानं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या माहेरी एक चुलता होता. त्याचंही बोटांपासूनच सुरू झालं होतं. पुढे त्याला शेताच्या धुऱ्यावर झोपडी घालून दिली. भाकरी लांबून ठेवत. त्याच्या पोरींना कुणी मागणी घातली नाही. आणि इथे चांगुणेच्या आशाची सोयरीक जळगाव जामोदला नुकती ठरलेली, लग्न चैत्रात.

त्यात जिल्हा परिषद नवी नवी होती आणि तिची माणसं गावात येऊन काही ना काही तपासत असायची. कधी विहिरी, कधी ढोरं. त्या थंडीत अंगावरचे डाग तपासणारे आले. चांगुणा गोठ्यात लपली आणि फटीतून पाहत राहिली. माणसाला डोळे मिटायला लावत, अंगाला पीस लावत, मग टाचणी. "कुठं लागलं, सांगा." ज्याला सांगता येईना, त्याचं नाव लिहून घेत.

ते गेले, पण तपासणी चांगुणेच्या हाती देऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिनं बाभळीचा काटा घेतला, डोळे मिटले आणि करंगळीत टोचला. कळलं नाही. पुन्हा टोचला, थोडंसं कळलं. आपलं दुखलं म्हणून हसणारी बाई गावात ती एकटीच असावी. पण ते हसू गोठ्याच्या दारापर्यंतच टिकायचं. तिथे मनात यायचं, काटा जोरात टोचला म्हणून तर नाही कळलं? की छातीत धडधड सुरू, तळवे गार. मग पुन्हा आत, पुन्हा काटा.

आणि खात्री होईतोवर तिनं स्वतःपुरता एक नियम केला. आशाला शिवायचं नाही. वेणी घालणं बंद, पीठ मळणं बंद. विचारलं की खांद्यावर ढकलायचं.

"माय, मी आत्तापासूनच परकी झाली का व?" आशानं एकदा विचारलं.

"खांदा ठनकते बाई," चांगुणा म्हणाली आणि चुलीकडे तोंड केलं.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा बांगड्यावाली सायरा आली. नवरीला हिरवा चुडा भरायचा तर आधी तिच्या आईचे हात भरायचे, ही घरची रीत. ओट्यावर बाया जमल्या. चांगुणेनं डावा हात पुढे केला. तो भरून झाला. उजवा पदराखालीच.

"लाव ना व भाबी दुसरा हात. अर्धाच चुडा भरून जाऊ का मी?"

"राहू दे सायरा. खांदा लय ठनकून राह्यला."

"खांद्यात कोन भरते बांगड्या?"

ओट्यावर हशा पिकला. चांगुणेची जाऊ रुखमा तेवढी हसली नाही. रुखमाची जीभ गावात प्रसिद्ध होती.

"पोरीच्या लग्नात माय एका हातानं मोकळी बसते का? लोक काय म्हनतीन? सोयरीक पसंत नसन तं तसं सांगून टाक ना!"

आणि तिनं पदराखालून चांगुणेचं मनगट धरून ओढलंच.

करंगळीवर काळे ठिपके होते. एक पिकला होता. शेजारच्या बोटाची तीच गत. रुखमानं पाहिलं, सायरानं पाहिलं. मागच्या बायांना दिसायच्या आत रुखमानं आपला पदर त्या हातावर टाकला.

"मायबाई, काटा मोडला व हिच्या बोटात! पार पिकलं! अन् सांगत नाई बया. सायरा, तू आठवड्यानं येजो, हा हात मंग भर."

सायरानं एक नजर वर केली, मग बांगड्या सुतळीत ओवायला लागली. "येईन. तुह्या बांगड्या बाजूले काढून ठेवीन, भाबी," एवढंच म्हणाली.

गोठ्यात गेल्यावर रुखमा म्हणाली, "बोल आता."

चांगुणा बोलली. चुलता, तवा, पीस, काटा. तो एक शब्द मात्र तिनं उच्चारला नाही. ऐकता ऐकता रुखमानं आपला हात नकळत लुगड्याला पुसला. दोघींनीही ते पाहिलं. मग रुखमानं पुन्हा तोच हात धरला, जरा जास्तच घट्ट.

"उद्या जळगावच्या दवाखान्यात जाऊ."

"तिथी तं सोयरे हायत!"

"असू दे. लुगडी पाहाले आलो म्हनू."

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं पाठ पाहिली, कोपरामागची शीर चाचपली, कापसाचा बोळा लावला, गरम आणि गार पाण्याच्या नळ्या टेकवल्या. मान वळवायला लावली, तेव्हा चांगुणा कळवळली.

"हा महारोग नाही," तो म्हणाला. "मानेत शीर दबते आहे. बोटं त्यानं बधिर होतात."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरी होईन का?"

"पूर्ण जाईल असं नाही सांगत. कमी-जास्त होत राहील. शेकत जा. डोक्यावर घागर नको."

"मंग पानी कोन भरन, तुमी?" रुखमानं विचारलं.

डॉक्टर हसला, आणि मग बोटं उलटून पाहत थांबला. "या जखमा कशानं?"

"मीच. पाहत होती."

"रोज?"

"हाव. छातीत धडधड होते, मंग पुन्हा टोचावं लागते."

"ते बंद करा. जखम चिघळून बोट जाईल, रोगानं नव्हे. आणि धडधडतं ती भीती आहे. तिची बाटली माझ्याकडे नाही. टोचावंसं वाटलं की कुणाजवळ तरी बोला."

दारातून ती परत फिरली. "पक्कं ना?"

"चाल व," रुखमानं तिला ओढलं.

बस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा चांगुणा हळूच म्हणाली, "लेकरू हाय तो डॉक्टर. चुकला असन तं?"

"चुकला तं दोघी राहू झोपडीत. तुह्या हातच्या भाकरी तशाही कच्च्याच राह्यतात."

चांगुणा हसली. मग तिचे डोळे भरले.

तिच्या घागरी रुखमानं उचलल्या, आणि प्रत्येक घागरीगणिक तसं बोलून दाखवलं. जखमा सुकल्या. सायरानं उजवा हातही भरला. पण धडधड काही गेली नाही. दिवसातून कितीदा तरी चांगुणा जावेच्या दारात येऊन उभी राहायची. रुखमा विचारायची, "आलं का?" ती म्हणायची, "हाव." मग दोघी काहीतरी निवडत बसायच्या, ते ओसरेपर्यंत.

हळदीच्या दिवशी आशा पाटावर बसली. पहिली हळद आईची. चांगुणेनं बोटं वाटीत बुडवली आणि तिचे तळवे गार पडले. डॉक्टर म्हणाला होता, पक्कं. पण डॉक्टर काही इथे नव्हता. बाया खोळंबल्या. आशा खाली मान घालून बसली होती, आईचा हात येतो की नाही, हे जणू तिनं आधीच सोडून दिलं होतं.

चांगुणेनं रुखमाकडे पाहिलं. रुखमानं या वेळी काहीच विचारलं नाही.

तिनं हात आशाच्या गालावर ठेवला. तीन बोटांना गाल लागला, कोवळा, गरम, कानाजवळ एक पुटकुळी. दोन बोटांना काहीच लागलं नाही. ती नुसती पिवळी झाली. चांगुणेनं हात जरा वळवला आणि त्या तीन बोटांनीच कपाळ, हनुवटी, मान, पुन्हा गाल.

आशा वर बघायला लागली. "माय, किती वेळ लावतं व?"

"सरक आता," रुखमा मागून म्हणाली. "आमालेही लावू दे."

"थांब जराशी," चांगुणा म्हणाली.