झिजलेल्या प्लेटांमागचे वॉशर

डिफरन्शियल उघडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या त्या डब्यात, दोन्ही चाकांना एकत्र धरून ठेवणाऱ्या त्याच जुन्या प्लेटा होत्या. घासून घासून गुळगुळीत झालेल्या, आणि त्यांच्या मागे जाडजूड वॉशर ठासून भरलेले. काम बाबांचंच. ताईच्या शर्यतीच्या गाडीला आमच्या गॅरेजमध्ये आजवर त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

याच गाडीत मागच्या शर्यतीत ताई वळणावर गरगरली आणि भिंतीवर आदळली. खांदा निखळला, तो आता कुठे बरा झाला होता. बाबा मात्र सगळीकडे सांगत सुटले, पोरीचा पाय जड आहे, वळण संपायच्या आत ॲक्सिलरेटर दाबते. आता गाडी चुलतभावाला द्यायची ठरली होती, आणि त्याच्यासाठी नव्या प्लेटा टाकायला मला सांगितलं होतं. पोरीला जुन्या चालल्या, पुतण्याला मात्र नव्या.

मी त्या प्लेटा नेऊन बाबांच्या चहाच्या कपाशेजारी आपटल्या. "हे काय आहे?"

त्यांनी मानही वर केली नाही. "वॉशर घालून दाब वाढवलाय. एक चाक धरून दुसरं फिरवून बघितलं होतं मी. जोर मोजायच्या रेंचवर आकडा बरोब्बर आला."

"थंड असताना आला. दाबून बसवली की कुठलीही प्लेट धरते. तापली की सुटते, आणि एकच चाक नुसतं फिरत बसतं. तुम्हीच शिकवलंत ना हे?"

"मग मला शिकवू नकोस."

ताई दारात उभी राहून ऐकत होती. "होतं तसंच परत बसव," ती मला म्हणाली. "बाबा, तुम्ही शेजारी बसा."

मला तिचाही राग आला, पण बसवलं. बाबा ऐटीत बेल्ट लावून बसले. स्वतःच्या कामावर त्यांचा खरोखरच विश्वास होता, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. लबाडी असती तर निदान मनसोक्त भांडता आलं असतं.

सरावाच्या रिकाम्या ट्रॅकवर पहिल्या फेऱ्या छान गेल्या. बाबा काचेतून माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग तेल तापलं. मोठ्या वळणावर आतलं चाक किंचाळत जागीच फिरलं, मध्येच एकदम धरलं, आणि गाडी मागून बाहेर फेकली गेली. ताईने वेग बेताचाच ठेवला होता, म्हणून सावरली.

बाबा उतरले ते पांढरेफटक पडून. बॉनेटला धरून उभे राहिले. "तू ॲक्सिलरेटर दाबला नव्हतास," ते म्हणाले.

"त्या दिवशीही नव्हता. हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं तुम्हाला."

बाबांनी कपाळावरचा घाम पुसला. तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "नव्या प्लेटा टाक. गाडी हीच चालवेल."

ताईने किल्ली बॉनेटवर ठेवली. "गाडीचं मग बघू. ज्यांना ज्यांना माझा पाय जड म्हणून सांगितलंत, त्यांना आधी फोन करा. काकांपासून सुरुवात करा."

"आत्ता?"

"आत्ता. स्पीकरवर."