आवाज न येणारी खोली

शिवणकाकूंचं घर विकायला निघालं तेव्हा एजंटबाईनं बाकीचं घर भराभर बघितलं आणि मागच्या खोलीत मात्र ती रेंगाळली. तिनं दार लावून पाहिलं, उघडलं, पुन्हा लावलं. भिंतीवर टकटक केलं. आतल्या चिमुकल्या बाथरूममध्ये डोकावून आली.

"काकू, हॉल-बिल जाऊ द्या. तुमचं घर ही खोली विकणार."

"ही?" काकू उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. "ही तर सगळ्यात लहान."

"लहान असू दे. दार घट्ट लागतं ना? लोकांना आता तेच हवंय. पूर्वी विचारायचे, स्टेशन किती लांब, शाळा किती लांब. आता म्हणतात, टेबल कुठे मांडायचं ते सांगा." मग तिनं आवाज खाली आणला. "आणि काकू, काका इथेच गेले हे कुणाला सांगत बसू नका. लोक हसून निघून जातात आणि परत फोन उचलत नाहीत."

काकूंनी मान हलवली. साथीच्या त्या वर्षापासून त्या या खोलीत झाडण्यापुसण्यापुरत्याच जात.

एके काळी मात्र त्यांचा सगळा दिवस तिथे जायचा. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते त्या शिवत. शिवणकाकू हे नाव बिल्डिंगनंच दिलेलं. मुलगा मोठ्या परीक्षेला बसला त्या वर्षी मशीनच्या खडखडाटानं त्याचा अभ्यास होईना. तो म्हणे, आई मशीन बंद कर. काकू म्हणत, गिऱ्हाइकाला काय तुझी गणितं नेऊन देऊ? काका जमीन मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढत. भांडणात कुणाची बाजू घेण्यापेक्षा पट्टी काढून मोजमाप घेणं त्यांना सोपं वाटायचं. त्यांनी सुतार बोलावला, जाड दार बसवून घेतलं, दाराच्या कडेनं रबर लावलं, भिंतींना आवाज शोषून घेणारे तक्ते ठोकले. "आता आत रणगाडा चालव," ते म्हणाले.

तेव्हापासून जेवायला बोलवायचं तर काकांना दार उघडून डोकं आत घालावं लागे. "ऐकलंस का?" ते म्हणत. लग्न झाल्यापासून त्यांनी काकूंना दुसरी हाक मारलीच नव्हती. चारचौघांत, बाजारात, आजारपणात, कुठेही, "ऐकलंस का?" आणि काकू वळून बघत.

गिऱ्हाइकं येऊ लागली. एक तरुण हातात फोन धरून कोपऱ्याकोपऱ्यात नेटचा वेग मोजत फिरला, तो थेट बाथरूमपर्यंत. एका गृहस्थांना व्यायामाचं यंत्र मावेल का ते बघायचं होतं. त्यांचं पोट बघता ते यंत्र नुसतं मावण्यासाठीच घेतलेलं दिसत होतं. एक जोडपं मागच्या खोलीत शिरलं, आणि ऑफिस तिचं होणार की त्याचं यावरून तिथेच जुंपली. दोघं दोन वेगवेगळ्या रिक्षांतून गेली. काकूंना बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

पण प्रत्येक जण शेवटी त्याच खोलीत थांबे. दार लावून बघे आणि म्हणे, "वा."

साथ ऐन भरात असताना काकांना ताप आला होता. दवाखान्यांत जागा नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरीच ठेवा, पण वेगळं ठेवा. वेगळं ठेवण्यासारखी ती एकच खोली. काकांनी स्वतःच उशी-पांघरूण उचललं, मशीनसमोरच्या भिंतीला खाट टाकून घेतली आणि आत जाताना म्हणाले, "बघ, शेवटी तुझ्या दुकानाचा ताबा घेतला."

मुलगा दुसऱ्या शहरात अडकलेला. रोज त्याचा फोन यायचा. "आई, काही झालं तरी दार उघडू नकोस. तुला दमा आहे. तूही पडलीस तर मी इथून काय करू?" काकू दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवत आणि लांब जाऊन उभ्या राहत. दार किलकिलं होई, एक हात बाहेर येई, ताट आत जाई. त्या हाताकडे बघूनच त्या तब्येतीचा अंदाज बांधत. आज हात बरा दिसला, आज ओढलेला दिसला. दोघं फोनवर बोलायची. पुढे बोलताना काकांना धाप लागायला लागली, तसं तेही कमी झालं.

मग एका सकाळी रात्रीचं ताट स्टुलावर तसंच होतं. काकूंनी दार उघडलं. काका दाराकडे तोंड करून कुशीवर होते. फोन खाटेपासून लांब, मशीनवर, चार्जिंगला लावलेला.

डॉक्टर नंतर म्हणाले, झोपेतच गेले असतील, त्रास झाला नसेल. काकूंनी हे वाक्य घट्ट धरलं. फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "मी रात्रभर हॉलमध्ये जागीच होते. त्यांनी एकदासुद्धा हाक मारली नाही. झोपेतच गेले." आणि ते त्यांना खरं वाटत होतं. त्या खोलीतला आवाज बाहेर किती येतो हे त्यांना कधी कळायचं कारणच नव्हतं. वर्षानुवर्षं त्या दाराच्या आतल्या बाजूला होत्या.

मग ते तिघं आले. घरी बसून लहान मुलांना संगणकावरून शिकवणारी एक मास्तरीण, तिचा नवरा, आणि त्याच्या कडेवर त्यांची लेक. राहतं घर एका खोलीचं होतं. हिचा वर्ग सुरू झाला की लेक गळा काढायची, मग वर्गातल्या मुलांच्या आयांच्या तक्रारी. "काकू, मागच्या महिन्यात मी पलंगाखाली बसून शिकवलंय," ती म्हणाली. "वरून चादर सोडली होती."

मागची खोली बघून ती हरखूनच गेली. रबरावरून बोट फिरवत म्हणाली, "हे कुणी करून घेतलं?"

"ह्यांनी."

"फारच हौशी होते की." ती दारात वळली. "आपण बघू या का? मी आत जाऊन ओरडते. तुम्ही बाहेर बसा. ऐकू आलं तर सांगा."

दार लागलं. नवरा लेकीला घेऊन बाल्कनीत गेला, त्याच्यामागून एजंटबाई गाडी कुठे लावायची ते समजावत गेली. काकू सोफ्यावर टेकल्या. हॉलमध्ये बसायची त्यांची जागा तीच, त्या रात्रीसुद्धा त्या तिथेच होत्या. पंखा फिरत होता. बाल्कनीत लेक कसलासा हुंकार देत होती. काकू कान देऊन वाट बघत राहिल्या. पोरगी सुरुवात का करत नाही? खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली की काय?

दार उघडलं. ती लालबुंद होऊन बाहेर आली.

"आलं ऐकू?"

"तू ओरडलीस कधी?"

"अहो काकू, घसा बसला माझा! दाराला तोंड लावून ओरडले. काकू, या, मला वाचवा, काय काय म्हटलं." ती हसायला लागली. "काहीच नाही आलं?"

"नाही," काकू म्हणाल्या. "काहीच नाही."

"झालं तर मग," नवरा बाल्कनीतून आत येत म्हणाला. "हेच घर."

काकू दाराकडे बघत होत्या. "म्हणजे त्यांनीही मारली असेल," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. एजंटबाईला तेवढं कळलं. "काकू, चहा ठेवता का?" ती घाईनं म्हणाली. पण काकू बोलायला लागल्या होत्या. कुणाकडे न बघता, शिवणाचं माप सांगावं तशा सपाट आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. ताप, स्टूल, हात, मशीनवरचा फोन. "मी इथे बसले होते. लोकांना सांगत आले, हाक मारली नाही म्हणून. त्यांनी मारली असेल. कदाचित रात्रभर मारली असेल. आणि त्यांना वाटलं असेल, ही बाहेर बसून ऐकतेय आणि येत नाहीये."

मास्तरणीनं नवऱ्याच्या कडेवरून लेकीला घेतलं आणि छातीशी धरलं. नवरा बुटाच्या नाड्या बांधायला लागला. "आम्ही कळवतो," तो म्हणाला.

संध्याकाळी एजंटबाईचा फोन आला. ती चिडलेली होती, पण फार बोलली नाही. "जुळलेलं हातानं मोडलंत," एवढंच म्हणाली, आणि थोडं थांबून, "जेवून घ्या."

काकू मागच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. खाट कधीच काढून टाकली होती, म्हणून त्या जमिनीवर बसल्या. "ऐकलंस का?" त्या म्हणाल्या. आधी हळू, मग जरा मोठ्यानं. मग छातीत हवा भरून, जमेल तेवढ्या मोठ्यानं. बाहेर ऐकायला कुणी नव्हतं. त्या तिथेच भिंतीला टेकून खूप रडल्या. काका गेले तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या. तेव्हा भेटायला, धरायला कुणी आलंच नव्हतं आणि एकटीनं रडायला त्यांना कसंसंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मास्तरीण एकटीच आली. दारातच म्हणाली, "लेक ह्याच्याजवळ आहे. मी बसू का थोडा वेळ?"

काकूंनी तिला पाणी दिलं. ती भांडं हातात फिरवत राहिली.

"काकू, मी तुम्हाला एक सांगायला आलेय. माझी आजी त्यातच गेली. शेवटचे दिवस मी तिच्याजवळ होते. तिला बोलताच येत नव्हतं. ओठ हलायचे, पण आवाज नाही. श्वासच नसतो हो तेवढा. मी परवा ओरडले तशी हाक तुमच्या काकांना मारताच आली नसती. दार कसलंही असतं तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं."

ती हे वाक्य वाटेत घोकत आली असावी. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पोरगी चांगल्या मनानं आली होती, आणि म्हणत होती ते खोटंही नव्हतं.

"दार उघडं असतं तर ऐकावं लागलंच नसतं," काकू म्हणाल्या. "दिसलं असतं."

मास्तरणीनं भांडं खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं ओढणीला पुसले. खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं.

"आणखी घरं बघितली आम्ही," ती शेवटी म्हणाली. "कुठेच अशी खोली नाही. माझी नोकरी जाईल हो काकू. पण तुमचा जीव दुखावून नको. तुम्हीच सांगा, घेऊ की नको?"

"घे," काकू म्हणाल्या. "तुला काम आहे, पदरात पोर आहे. खोलीनं काय केलंय? फक्त त्या दाराला काच बसव. आत कोण आहे ते बाहेरून दिसू दे."

"बसवते. खाली, लेकीच्या उंचीलासुद्धा एक बसवते."

"सुताराकडून मोजून घे नीट. अंदाजपंचे करतात हे लोक."

काही आठवड्यांत व्यवहार झाला. मुलगा गाडी घेऊन आईला न्यायला आला. शिवणाचं मशीन बिल्डिंगमधल्या एका मुलीला दिलं, कपाटं ज्याला हवी त्याला गेली. निघताना काकूंनी मागच्या खोलीत शेवटचं म्हणूनसुद्धा पाऊल ठेवलं नाही. मुलानं विचारलं, "काही राहिलं नाही ना आत?" त्या म्हणाल्या, "नाही."

गाडीत मुलगा खुशीत होता. साथ ओसरल्यावर त्यानं शहरापासून लांब मोठं घर घेतलं होतं. त्याला ऑफिसची खोली, सुनेला ऑफिसची खोली, नातवाला त्याची. "आणि आई, तुझी खोली तर बघशीलच. एकदम मागच्या बाजूला आहे. बाथरूम आतच. दार लावलंस की घरात कोण काय करतंय त्याचा तुला पत्ता लागणार नाही. कुणाचा त्रास नाही."

"मी हॉलमध्ये झोपेन," काकू म्हणाल्या.

"हॉलमध्ये कशाला? अगं, खास तुझ्यासाठी..."

"मला बंद खोलीत नको."

तो हसला. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असलं काहीतरी बोलणार होता. मग त्यानं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं?"

घर विकताना काय घडलं ते काकूंनी त्याला कळू दिलं नव्हतं. आता सांगितलं. मास्तरीण ओरडली ते, आणि सोफ्यावर बसून आपल्याला काहीच ऐकू आलं नाही ते. सांगून होईपर्यंत त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. इंजिन चालूच होतं. तो स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिला.

"मीच सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "दार उघडू नकोस म्हणून."

"हो," काकू म्हणाल्या.

त्यांना पुढे बोलायचं होतं. तुझी काय चूक, तेव्हा सगळं जगच तेच सांगत होतं, तू माझ्या काळजीनं बोललास. वाक्य मनात तयार होतं, कितीतरी दिवसांपासून तयार होतं. पण ओठांवर येईना. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती. एवढा मोठा बाप्या माणूस, पण खोकल्यानं बेजार झालेल्या लहान पोरासारखी पाठ हलत होती. त्या हात फिरवत राहिल्या.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. उंच इमारती मागे पडल्या, रस्ता रुंद झाला.

"सकाळी माझी मीटिंग असते हॉलमध्ये," तो मग म्हणाला. "तिथे नेट चांगलं येतं."

काकूंनी मान हलवली.

"तू झोप तिथेच," तो म्हणाला. "मी बघतो कुठे बसायचं ते."