हत्ती पाणी प्यायला ते गाव

बोरमळ्याला इतिहास नाही, हे मी लग्न होऊन आले तेव्हाच मला कळलं होतं. पुण्याहून सोलापूरकडे फौजा गेल्या, त्या इथं न थांबता गेल्या. रेल्वे आली, तिनं स्टेशन केडगावला दिलं. हायवे आला, त्यानं ढाबे यवतला दिले. आमच्या वाट्याला ऊस आला आणि मंगळवारचा बाजार. बघण्यासारखं म्हणाल तर बाजारतळामागची बाभळीची झाडी, आणि नेमकं तिकडंच बघायचं नाही असा पुरुषांचा नियम होता, कारण बाजारात बसलेल्या बाया अडचण झाली की तिच्याआड जात. पुरुष हा नियम पाळत. सगळेच नाही.

माझ्या सासूबाई, सखूबाई, याच बाजारात मेथी-कोथिंबीर विकायला बसत. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मंगळवारी त्या उठल्यापासून पाण्याचा थेंब घेत नसत. बाजार उठून घरी आल्यावरच तांब्या तोंडाला लावत. दोन हजार दोनच्या चैत्रात त्या जुड्या बांधता बांधता भेळेच्या गाडीपुढं कोसळल्या. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि दम भरला, "आजी, दिवसभर पाणी प्यायचं."

आत्याबाई म्हणाल्या, "पिते की. आन् मग जाऊ कुठं, तेबी लिवून द्या."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मला रडू आलं आणि रागही आला. रडू थांबलं, राग टिकला.

तेव्हा मी ग्रामपंचायतीची सदस्य होते. जागा बायकांसाठी राखीव होती, म्हणजे सही माझी आणि बोलणं सरपंचांचं. तरी मी दर मीटिंगला उठून म्हणायचे, "बाजारात बायांसाठी संडास बांधा." सरपंच पोपटराव दर मीटिंगला मान डोलवायचे. मान डोलवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मग त्यांच्या कानावर आलं की गाव पर्यटनस्थळ झालं तर वरून निधी मिळतो. एका चहात पोपटरावांनी गावाला इतिहास दिला. कुणी एक राजा, कोणता ते त्यांनी मोकळं ठेवलं, बोरमळ्यावरून जात असताना त्याचा हत्ती आमच्या विहिरीवर पाणी प्यायला. विहीर चांगली खोल आहे. हत्तीनं सोंड घातली की पोहरा सोडला, असं मी विचारलं.

"वहिनी," पोपटराव म्हणाले, "इतिहासात आसं खोदून इचारायचं नसतंय."

प्रस्ताव गेला आणि आश्चर्य म्हणजे मंजूरही झाला. गावाच्या तोंडाशी कमान उभी राहिली. 'ऐतिहासिक बोरमळा आपले सहर्ष स्वागत करीत आहे.' खाली सिमेंटचा हत्ती, लांबून म्हशीसारखा दिसणारा. आणि पर्यटक म्हटले की स्वच्छतागृह लागतंच, म्हणून बाजारतळावर तेही झालं. पांढऱ्या फरशा, नळाला पाणी, आतून कडी. गावच्या बायांसाठी जे कधी जमत नव्हतं, ते न आलेल्या पर्यटकांसाठी पुढचा उन्हाळा संपायच्या आत झालं. माझं त्याला काही म्हणणं नव्हतं. दार कुणाच्या नावानं का उघडेना, आत आत्याबाई जाणार होत्या.

घोळ झाला तो उद्घाटनात. आमच्याकडं उद्घाटन म्हणजे देवाचं काम, मग ती बोअर असो की ट्रॅक्टर. पोपटरावांनी मल्हारी भगताला बोलावलं. मल्हारी ढोल आणि भंडाऱ्याची पिशवी घेऊन आला, आणि तालुक्याचे साहेब येणार म्हटल्यावर त्यानं हात आखडता घेतला नाही. उंबऱ्यावर नारळ फोडला. दारावर, भिंतींवर, बेसिनवर भंडारा उधळला. नळाला हार घातला. येळकोट झाला, खंडोबाची तळी भरली. साहेबांनी बूट काढून आत डोकावलं, हात जोडले, खोबरं खाल्लं आणि गाडीत बसून गेले.

पुढच्या मंगळवारी मी आत्याबाईंना घेऊन त्या दाराशी गेले. त्यांनी चपला काढल्या, वाकून उंबऱ्यावरचा भंडारा कपाळाला लावला आणि बाभळींकडं वळल्या.

"आत्याबाई, आत जा की."

"येडी का काय तू? तळी भरलीया तिथं. देवाच्या घरात जाऊन आसलं काम करू व्हय?"

मागून भामाबाई आली. वांगी विकणारी, तोंडानं फटकळ, देवालाही सोडत नाही. तिनंही चपला काढल्या. दुपारपर्यंत उंबऱ्यावर झेंडूची फुलं पडली. पुढं पुढं उदबत्ती लागली, एसटीतले लोक खिडकीतून हात जोडू लागले. भामाबाईची हरवलेली शेळी त्याच भिंतीच्या सावलीत सापडली, मग तर विचारूच नका. पोपटरावांनी दारावर घंटा बांधली.

"वहिनी, हत्तीला जमलं न्हाई ते तुमच्या संडासानं केलं. भायेरची मानसं गावात यायला लागली!"

मी त्यांना जे बोलले ते सदस्याला शोभणारं नव्हतं.

भंडारा धुऊन काढते म्हटलं, तर घरात कुणी माझ्याशी बोलेना. आत्याबाई मंगळवारी तशाच कोरड्या घशानं बसत, ओठांवरून जीभ फिरवत. माझा जीव तुटायचा. एवढी भांडून मी त्यांच्यासाठी एक देऊळ बांधून घेतलं होतं.

एके दिवशी त्या शेरडांना पाला घालत होत्या. आत्याबाईंच्या सासरी-माहेरी दोन्हीकडं मेंढरं होती. तरुणपण सगळं वाड्याबरोबर फिरण्यात गेलेलं. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि पाठीवरचं बिऱ्हाड. मी विचारलं, "आत्याबाई, वाडा उतरला की देव कुठं ठेवायचा?"

"उतरलो तिथंच. आदी देव मांडायचा, भंडारा टाकायचा, मग चूल."

"कुणाच्या रानात?"

"ज्यानं मेंढरं बसवाया बोलावलं त्येच्या. खतापायी बोलवायची की लोकं."

"आन् वाडा हलला की?"

"देव उचलायचा, घोडीवर घालायचा, चला म्होरं."

"मग त्या जागेचं काय?"

"काय म्हंजी? मालक नांगर घालायचा. देव का मागं ऱ्हातूय..."

त्या बोलता बोलता थांबल्या. पाला हातातच राहिला. मग माझ्याकडं बघत म्हणाल्या, "लई शानी हायेस."

पुढच्या मंगळवारी, भर बाजारात, संडासातला देव उचलला. मल्हारीला पटवावं लागलं नाही. उचलतानाही ढोल वाजवायचाच होता. भंडारा, फुलं, करवंट्या पाटीत भरल्या, आत्याबाईंनी पाटी डोक्यावर घेतली, आणि वाजतगाजत सगळं कमानीखाली नेऊन सिमेंटच्या हत्तीपाशी मांडलं. घंटाही तिकडं गेली. इतिहास आणि देवस्थान एकाच ठिकाणी आलं म्हणून पोपटराव खूश. परत येऊन मी बादलीभर पाण्यानं उंबरा धुतला. कुणी अडवलं नाही.

पण आतही कुणी गेलं नाही. बाया आपापल्या पाट्यांपाशी बसून एकमेकींकडं बघत होत्या. ऊन चढलं. मग आत्याबाई उठल्या आणि चपला पायात तशाच ठेवून उंबरा ओलांडून आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. मेथीचा भाव सांगायचंही कुणाला सुचेना.

त्या बाहेर आल्या, आपल्या गोणपाटावर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ललिते, पानी दे गं."

मी तांब्या दिला. भर दुपारी, बाजाराच्या मधोमध, मान वर करून त्या घटाघटा प्यायल्या. गळ्यावरून पाणी ओघळलं तरी थांबल्या नाहीत. रिकामा तांब्या पुढं केला. "आनखी."

आमच्या विहिरीवर हत्ती पाणी पिताना कुणी पाहिला नाही. आत्याबाई प्यायल्या, ते सगळ्या बाजारानं पाहिलं.