पान चारवर मेला, पान सहावर साक्षीला आला

मित्रांनो, मी एक जुनं जर्नल आहे आणि माझ्या पोटात एक खून आहे. तो मी केलेला नाही. मी फक्त जागा दिली.

माझा जन्म सोलापुरात नवी पेठेतल्या एका बाइंडरकडे झाला. त्याने माझ्या पाठीत दाभणाने सात भोकं पाडली, दोरा आवळला आणि कडा सारख्या याव्यात म्हणून मला तीन बाजूंनी कापलं. जन्म सगळ्यांचा असाच होतो, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

मी लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं जर्नल. वकिलीची सनद हवी असेल तर नुसते पेपर देऊन भागत नाही. कोर्टात स्वतः बसून खटले पाहायचे, वकिलाच्या ऑफिसात पक्षकार काय सांगतो ते ऐकायचं, कॉलेजात खोटं कोर्ट भरवून भांडायचं, हे सगळं जर्नलात लिहायचं आणि त्यावर तोंडी परीक्षा द्यायची. यात नापास झालात तर वर्ष गेलं, आणि काळा कोट खुंटीवरच राहिला.

मला पहिल्यांदा सिद्धरामने विकत घेतलं. तो चार दिवस कोर्टात बसला आणि पाहिलं तेवढंच त्याने निळ्या शाईत लिहिलं. होटगीकडच्या एका शिवारात कोंडीबाची मेंढरं कल्लप्पाच्या ज्वारीत शिरली. कल्लप्पाने काठी मारली. कोंडीबाचा एक दात पडला. कोंडीबाने साक्ष दिली, आणि कल्लप्पाला कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली, म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टात बसून राहायचं आणि घरी जायचं. सिद्धरामला चांगले मार्क मिळाले. सरांनी सगळ्यांसमोर मला उंच धरलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस. दुसऱ्या दिवशी मला विरेशने उसनं नेलं.

आमच्या कॉलेजात पद्धत अशी की, सीनियरचं जर्नल उतरवून काढायचं. पण सरांनी दम दिला होता, "दोन जर्नलं सारखी सापडली तर दोन्ही फाडीन." म्हणून उतरवणारा प्रत्येकजण थोडा बदल करायचा. तो बदल आधी माझ्यावर पेन्सिलीने लिहायचा, मग स्वतःच्या जर्नलात उतरवायचा.

विरेशने काठीचा लोखंडी गज केला आणि दात तीन पाडले. पुढच्या वर्षी शहाजीने गजाची कुऱ्हाड केली आणि कोंडीबाचा उजवा कान काढून टाकला. त्याच्यानंतर रुपाली आली. ती मनाने फार मऊ. तिने सगळं वाचलं आणि हळहळून म्हणाली, "एवढं लागल्यावर कशाला जगवायचं बिचाऱ्याला?" मग तिने त्याला पान चारवर ठार मारलं आणि प्रेत ओढत नेऊन रेल्वेच्या रुळावर टाकलं. पुढच्या मुलांनी घाव वाढवत सतरावर नेले. एकाने डोकं वेगळं केलं. त्याच्या पुढच्याला ते जास्त वाटलं, त्याने ते परत जोडलं आणि बदल्यात दोन्ही पाय तोडले. कलमं वाढत वाढत खुनाच्या तीनशे दोनवर गेली. मग नवा कायदा आला, तेव्हा कुणीतरी तीनशे दोन खोडून एकशे तीन केलं. अभ्यासात कुणी कमी नव्हतं.

सतरा घाव झाले, रक्त माझ्या समासापर्यंत आलं. पण मित्रांनो, माझ्या एकाही पानावर कुणाला दुखलं नाही.

शेवटी मी ऋतुजाकडे आलो. ऋतुजा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दिवसपाळीला होती आणि सकाळी कॉलेज करत होती. कोर्टात बसायला तिच्याकडे वेळच नव्हता. तिची आई, म्हाळसाबाई, करमाळ्याहून येऊन तिच्या खोलीवर तळ ठोकून बसली होती. "यंदा सुटलीस तर सुटलीस," ती म्हणायची, "न्हायतर चल माज्यासंगं मेंढरांमागं. मेंढरास्नी सनद लागत न्हाय." ऋतुजाने घाईघाईत मला उतरवून काढलं आणि आपली भर म्हणून कुऱ्हाडीला गंज लावला.

जर्नलं तपासायला बाहेरून अण्णाराव वकील आले. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांनी ऋतुजाचं जर्नल वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"बाई, ह्यो कोंडीबा मेला का जिवंत हाय?"

ऋतुजाने पानं चाळली. "पान चारवर मेला, सर."

"आणि पान सहावर?"

"साक्षीला आला."

"उलटतपासणीत टिकला का?"

"टिकला की, सर."

"मग मधे काय झालं?"

ऋतुजाने विचार केला. "जेवणाची सुट्टी."

अण्णारावांनी शेवटचं पान उघडलं. मग म्हणाले, "सतरा घाव, दोन्ही पाय तोडले, आणि शिक्षा कोर्ट उठेपर्यंत. न्यायाधीशाला घरी जायची लई घाई होती वाटतं." त्यांनी ते जर्नल मधोमध फाडलं. मी ऋतुजाच्या पिशवीतून तो आवाज ऐकला. हाड मोडल्यासारखा येतो. "तोंडी परीक्षा वीस दिवसांनी हाय. खरा खटला बघून ये. न्हायतर भोपळा."

ऋतुजाने कारखान्यात सुट्टी टाकली आणि कोर्टात जाऊन बसली. नवी वही मांडीवर लिहायला पातळ पडत होती, म्हणून खाली मला घेतलं. त्यामुळे ती जे लिहील ते माझ्या पुठ्ठ्यावर उमटायचं.

तिसऱ्या दिवशी दानम्मा नावाची बाई साक्षीला उभी राहिली. ती चादरीच्या कारखान्यात कामाला. समोर आरोपी म्हणून तिचाच नवरा, निंगप्पा. त्याने मागावरचा धोटा उचलून तिचा उजवा हात ठेचला, असा खटला. धोटा आडवा दोरा घेऊन मागावर धावतो; तो लाकडी असतो आणि दोन्ही टोकांना लोखंड असतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "हाताला काय लागलं?"

दानम्माने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "धोटा उडाला मागावरनं."

"डॉक्टर म्हणतात चार जखमा आहेत. एकाच हाताला चार वेळा उडाला?"

"व्हय."

"त्याच जागी?"

"उडत हुता," दानम्मा म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ऋतुजाचं पेन थांबलं. तिला हवं ते लिहिता आलं असतं. आमच्या घराण्याची रीतच ती. पण मग पेनाचा दाब असा आला की मला बाइंडरचा दाभण आठवला. तिने लिहिलं: साक्षीदार म्हणते, धोटा उडाला. जखमा चार. जबाबावर सही करताना साक्षीदाराने पेन डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत.

तोंडी परीक्षेत अण्णारावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे डाव्या हाताचं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय, सर. दिसलं."

"सुटला का तिचा नवरा?"

"सुटला." ऋतुजा म्हणाली. "मला उठून ओरडावंसं वाटलं, सर."

"मग?"

"मला सनद नव्हती."

अण्णारावांनी मार्क दिले. किती ते मला दिसलं नाही, पण म्हाळसाबाई करमाळ्याला एकटीच परत गेली.

निकालाच्या दिवशी जूनियर चंद्रिका धावत आली. "ताई, जुनं जर्नल द्या की! मर्डरवालं! मी नुसता एक हात तोडते, जास्त काय करत न्हाय."

ऋतुजाने मला पिशवीतून काढलं आणि पाठीतून फाडलं. सातही टाके एकदम तुटले. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, दुखलं. इतक्या वर्षांत माझ्यात पहिल्यांदाच कुणालातरी दुखलं.

"अय्यो ताई," चंद्रिका रडवेली झाली, "मग मी काय लिहू आता?"

"उद्या अकराला कोर्टात ये. पाण्याची बाटली आण. लई वेळ बसावं लागतंय."

आता मी दोन तुकड्यांत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. उद्या तुमच्या वहीत दुसऱ्याच्या जखमा येतील. त्या जाऊन, बसून, स्वतःच्या डोळ्यांनी मोजा आणि आहेत तेवढ्याच लिहा. एक वाढवलीत तर लोक हसतील. एक गाळलीत तर कुणालाच कळणार नाही, आणि ती बाई डाव्या हाताने सही करून घरी जाईल.