पुंजारामच्या बोअरचं पाणी

नळीतलं पाणी गुलाबी राहायला हवं होतं, ते पिवळं झालं. ज्योत्स्नानं नळी विसळली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा औषध टाकलं. पुन्हा पिवळंच. शाळेच्या रिकाम्या खोलीत ती टेबलापाशी बसून राहिली. काहीतरी वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

पाणी तिच्या वडिलांच्या बोअरचं होतं.

वाटूरच्या पलीकडचं हे गाव. धरण भरलं की तिन्ही बाजूंनी पाणी चढतं, चौथ्या बाजूची वाट चिखलात जाते आणि गावाचं बेट होतं. शिकलेली पोरं एकदा बाहेर पडली की परतत नाहीत. ज्योत्स्नाही रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्याच्या कंपनीत निघाली होती. पण तिच्या कॉलेजचे अण्णासाहेब सर विज्ञान शिकलेल्या मुलांना त्यांच्याच गावात काम उभं करून देत. त्यांनी तिला माती-पाणी तपासायचं सामान दिलं, वर्षभराचं मानधन मिळवून दिलं. "पुढं मात्र गावानंच तुला ठेवून घ्यायला हवं," एवढं बजावलं.

तिनं सरांना फोन लावला.

"सर, फ्लोराइड जास्त आहे. खूपच."

"कुणाचा बोअर?"

"आमचाच. सगळं गाव तिथलंच पितं."

"सांगायला दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"नको सर. मीच सांगते."

मारुतीजवळची जुनी विहीर गाळानं भरली, तेव्हापासून गाव पुंजारामच्या दारात येत होतं. त्या विहिरीवर पुंजारामची आई घागर घेऊन लांब उभी राहायची; कुणी वरून ओतलं तर पाणी. आता त्याच घरांतल्या बाया त्याच्या दारात रांग लावत. पहाटे मोटार चालू करून तो बाजेवर बसायचा. कुणाचं लेकरू तापलंय, कुणाची म्हैस व्याली, विचारायचा. दिवसभरात तो एवढाच वेळ मोकळं बोलायचा.

संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं. चुलीपाशी तिच्या आईचा, बेबीनंदाचा हात भाकरीवर थांबला.

"बाबा, गावातल्या लेकरांचे दात खराब होऊन राह्यलेत, ते यानंच. पुढं हाडं धरतेत."

"पक्कं हाय?"

"दोनदा पाह्यलं."

"मंग सांग गावाला," पुंजाराम म्हणाला. जेवला मात्र नाही.

सभेत ज्योत्स्नानं सगळं सपाट आवाजात सांगितलं. सरपंच रामप्रसाद म्हणाला, "पोरी, म्हंजी आमी आजपस्तोर इखच पेलो का?"

"इख न्हाई, काका. जमिनीतच असतं ते. धुण्याभांड्याला चालतं, प्यायला न्हाई. जुन्या विहिरीचा गाळ काढा. गाळावर साचलेलं तिथलं पाणी तपासलंय मी. त्यात फ्लोराइड बराबर हाय."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तरी म्या म्हणत व्हतो, त्यांच्या दारचं पाणी..."

वाक्य अर्धंच राहिलं. कुणी हटकलंही नाही. पुंजाराम उठला, चपला घालून निघून गेला. ज्योत्स्ना गाळ कसा काढायचा ते सांगत राहिली. आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तिला ऐकू येत होता.

शेवटी रामप्रसाद म्हणाला, "पोरगी खरं बोलली. शाळेची खोली तिच्याकडंच राहू द्या. पगाराचं पंचायत पाहील." हात वर झाले. तिनं मान हलवली. रात्री सरांनी अभिनंदन केलं, तेव्हाही ती नुसतं "हो सर" म्हणाली.

त्यानंतर दारात कुणी आलं नाही, धुण्याभांड्याच्या पाण्यालाही नाही; बाया धरणावरून पाणी आणू लागल्या. पुंजाराम पहाटे उठून बाजेवर बसे आणि उजाडलं की आत जाई.

उन्हाळ्यात विहिरीचा गाळ निघाला. पुंजारामनंही टोपल्या वाहिल्या. पाणी निवळल्यावर ज्योत्स्ना नमुना घ्यायला गेली, तेव्हा तो रांगेत घागर घेऊन उभा होता.

पुढची कांताबाई बाजूला सरली. "मामा, घ्या तुमी आधी."

"न्हाई बाई. रांगेनंच घेतो."

त्याची पाळी आली. त्यानं दोर सोडला, बादली वर ओढली. मागं बाया थांबल्या होत्या. घागर तशीच ठेवून तो ज्योत्स्नाला म्हणाला, "बाटली धर."

तिनं धरली. तो ओतू लागला. बाटली भरून पाणी तिच्या बोटांवरून, मनगटावरून खाली जाऊ लागलं. पाणी थंड होतं.

"भरली, बाबा," ती म्हणाली.

तो ओततच राहिला.