भिंतीपलीकडचं कॉफीयंत्र

झ्लातिनाकडे कॉफीचं यंत्र आहे. माझ्याकडे फळा आहे, ओला स्पंज आहे आणि खिडकीत जिरेनियमची एक कुंडी आहे. मुलं कुठे जाणार हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही.

गेल्या शरद ऋतूत आमच्या विभागाने माझी मदतखोली मधोमध कापली. प्लोव्हदिव शहरातल्या विद्यापीठाच्या या इमारतीत मी इतकी वर्षं कॅल्क्युलसमध्ये गटांगळ्या खाणाऱ्या पोरांना हात देत आले. त्याचं बक्षीस म्हणून मला अर्धी खोली मिळाली. उरलेल्या अर्ध्यात झ्लातिनाचं करिअर केंद्र. तिथे सोफा आहे, रंगीत उशा आहेत. गणिताच्या मुलांना नोकऱ्या कशा मिळतात, अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे, हे सगळं ती शिकवते. मधली भिंत पुठ्ठ्याची म्हणावी इतकी पातळ. तिकडे कुणी शिंकलं की इकडे माझ्या खडूची पूड उडते.

दिवसभर तिकडून हसणं ऐकू येतं. माझ्याकडे कुणी हसत नाही. माझ्याकडे येतात ते रडवेले होऊन येतात आणि डोक्यात प्रकाश पडला की 'थँक यू मॅडम' म्हणून पळतात. कुठे? शेजारी. कॉफी प्यायला. माझ्या पोटात दुखतं ते मी लपवत नाही.

तरी सगळी गेली असती तर चाललं असतं. नेवेना जायला नको होती.

नेवेना पहिल्या वर्षी माझ्याकडे आली तेव्हा परीक्षेत दोन घेऊन आली होती. दोन म्हणजे नापास. तिची आई सलोनिकीला एका ग्रीक म्हातारीची सेवा करत होती, पोर हॉस्टेलवर एकटी. मी तिला समोर बसवलं आणि गप्प राहिले. माझी पद्धतच ती आहे. उत्तर मी सांगत नाही, सुचवत नाही, भुवईसुद्धा हलवत नाही. समोरच्याने स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबते. बरीच मुलं वैतागून उठून जातात. नेवेना उठली नाही. ती कागदाकडे बघत बसली, मी तिच्याकडे बघत बसले, आणि शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मला वाटतं मी प्रश्नच उलटा वाचतेय." त्या दिवशी मला कळलं की ही मुलगी माझी आहे.

पुढे तिने सहापैकी सहा घेतले. पुढे तीच माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवू लागली, माझ्यासारखीच गप्प बसून. यंदा तिचं मास्टर्स संपतंय आणि माझ्या हाताखाली डॉक्टरेटची एक जागा आहे. ती कुणासाठी आहे हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलायचं काय त्यात? तिने विचारायचं, मी हो म्हणायचं. मी वाट बघत होते.

आणि एप्रिलमध्ये एका दुपारी भिंतीपलीकडून तिचाच आवाज आला.

"बस ना, मोकळी बस," झ्लातिना म्हणत होती. "मी विमा कंपनीची बाई आहे असं समज. हं, सांग, तुझा कमकुवतपणा काय?"

"मी फार वेळ गप्प बसते," नेवेना म्हणाली.

"अगं बाई, असं कुणी सांगतं का? 'मी विचार करून बोलते' असं म्हण!"

दोघी खळखळून हसल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गप्प बसणं हा कमकुवतपणा? ते मी शिकवलंय तिला! माझ्या समोर एक पोरगा अनुक्रमाची सीमा शोधत होता. मी त्याला म्हटलं, "चालू दे तुझं," आणि खुर्ची भिंतीजवळ सरकवली. हो, सरकवली. माझ्या खोलीत मी खुर्ची कुठेही ठेवीन.

"आता हा प्रश्न ते नक्की विचारतील," झ्लातिना म्हणाली. "एवढे छान गुण आहेत, मग विद्यापीठातच का राहत नाहीस?"

मी श्वास रोखला. आणि नेमकं तेव्हाच ते मेलं यंत्र सुरू झालं. घर्रर्र करत त्याने कॉफीच्या बिया दळायला घेतल्या. नेवेना बोलत होती, बऱ्याच मोठ्याने बोलत होती, पण मला एक अक्षर कळलं नाही. यंत्र थांबलं तेव्हा पलीकडे दोघी शांत होत्या.

मला ऐकायची गरजही नव्हती. काय म्हणाली असेल ते ठाऊक होतं. इथे धूळ आहे, पगार नाही, आणि एक खडूस बाई आहे.

त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. ती टेबलाच्या त्या टोकाला रेंगाळायची, मुलं गेल्यावरही जायची नाही, कुंडीला पाणी घालायची. मी वह्या तपासत राहायचे. एकदा तिने हॉस्टेलवर भाजलेली बानित्सा माझ्यापुढे ठेवली, चीज भरलेली पापुद्र्यांची खारी, अजून कोमट. मी म्हटलं, "शेजारी दे, कॉफीबरोबर छान लागेल." ती डबा घेऊन गेली. मला वाटलं, जिरली. मला बरं वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत वाईटही वाटत राहिलं.

विमा कंपनीची पहिली फेरी झाली, दुसरी झाली. झ्लातिना कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना सांगत सुटली, "आमची नेवेना शेवटच्या फेरीत आहे!" आमची! सात महिन्यांची ओळख आणि आमची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटच्या फेरीच्या दिवशी सकाळी मी दार उघडते तर नेवेना उंबऱ्याशी उभी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस बांधलेले, खांद्याला पिशवी. सोफियाला जाणारी बस गाठायची होती, मुलाखत तिथे. पसंत पडली तर आज तिथेच सही.

"मॅडम," ती म्हणाली, "आई इथे नाही. तुम्ही पाणी ओताल का?"

महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या वाटेवर घरच्या बाईने पाणी ओतायचं, म्हणजे काम पाण्यासारखं सरळ वाहतं. आमच्याकडे शाळेच्या पहिल्या दिवसापासून हे चालतं. पण ते घरचं माणूस करतं.

"झ्लातिना नाही आली अजून?" मी विचारलं. जिभेला काय म्हणावं!

नेवेना माझ्याकडे बघत राहिली. "आल्यात. पण मी तुम्हाला विचारतेय."

मी तांब्या शोधला, नळाखाली भरला, कुंडीतली जिरेनियमची एक डहाळी मोडून त्यात टाकली. मी तिच्याकडे पाठ करून उभी होते. मागून ती काहीतरी बोलेल असं वाटत होतं. ती बोलली नाही. मीही नाही. आम्ही दोघी त्यात पटाईत.

मी उंबऱ्याबाहेर पाणी ओतलं. फरशीवर ते लांब पसरत गेलं. नेवेनाने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, उजवा पाय टाकला आणि पाण्यावरून चालत जिन्याकडे गेली. मागे वळली नाही. पाण्यावरून गेलेलं माणूस मागे वळत नाही, आणि त्याला मागून हाक मारत नाहीत. मारली तर सगळं फुकट.

झ्लातिना तिच्या दारात उभी होती. तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं होतं, आज तरी तुम्ही तिला थांबवाल."

"मी कशाला थांबवू? तूच तर शिकवलंस तिला जायला."

"वेल्कोवा मॅडम, मी फक्त हात कुठे ठेवायचे ते शिकवलं." ती ओल्या फरशीकडे बघत होती. "त्या दिवशी तुम्ही ऐकलं होतं ना? विद्यापीठात का राहत नाहीस, असं मी विचारलं तेव्हा?"

"तुझं यंत्र चालू होतं."

झ्लातिनाचा हात तोंडावर गेला. "अरे देवा. ती भिंतीकडे तोंड करून बोलली हो. मुद्दाम मोठ्याने. मला म्हणाली होती, पलीकडे सगळं ऐकू जातं."

"काय बोलली?"

"म्हणाली, 'मला राहायचंय. पण मॅडमनी मला कधी विचारलं नाही.'"

खाली जिन्यावर अजून तिची पावलं वाजत होती. हाक पोचली असती. मी कठड्यापर्यंत धावले, तोंड उघडलं. खालच्या वळणावर पांढरा शर्ट दिसला. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द तिचं पाणी मोडणारा होता.

"फोन करा, मॅडम," झ्लातिना मागून म्हणाली. "बसमध्ये बसल्यावर करा."

"तीही हाकच," मी म्हटलं.

खालचं मोठं दार आपटलं. माझ्या हातात रिकामा तांब्या होता आणि तळाशी ती डहाळी चिकटली होती. झ्लातिनाने फडकं आणलं आणि फरशी पुसायला वाकली.

"पुसू नकोस," मी ओरडले. "ती पोचेपर्यंत पुसू नकोस."